विश्लेषण : ‘लाइव्ह’ अल्बमच जवळचा का वाटतो?

तेच गाणे त्याच गायकाने स्टुडिओत अधिक नेटके गायलेले असते. तरीही अनेक श्रोते आयुष्यभर जपतात ती त्याची मैफलीतील आवृत्ती. टाळ्या, आरोळ्या आणि एखाद्या निसटलेल्या सुरासकट. असे का होते? पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्लासिक रॉकपासून मिरजेच्या उरुसातील संगीत सभेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे एकच आहे.

लाइव्ह अल्बम वेगळा कसा?

स्टुडिओतील अल्बम सहसा तुकड्यांनी बांधला जातो. आधी ड्रम आणि बेस गिटार, मग मुख्य गिटार, मग गायन, शेवटी साथीचे आवाज. सूर हलला तर ओळ पुन्हा गाता येते. दहा वेळा गाऊन त्यातील उत्तम ओळ निवडता येते. क्वीन या ब्रिटिश बँडचे १९७५चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे याचे ठळक उदाहरण. त्यातील ऑपेराच्या ढंगाचा मधला भाग आवाजांचे थरावर थर चढवून उभा करण्यात आला. रंगमंचावर चौघांनी तो गाणे शक्यच नव्हते. म्हणून कार्यक्रमात तो भाग आला की बँड आत जायचा, टेप वाजायची आणि पुढच्या जोरकस भागाला चौघे परत यायचे.

लाइव्ह अल्बममध्ये अशी सोय फारशी नसते. प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घेऊन नंतर त्यांचे प्रमाण कमी-अधिक करता येते. पण गाणे त्या संध्याकाळी जसे झाले तसेच राहते. शिवाय स्टुडिओत नसलेल्या दोन गोष्टी फितीवर उतरतात. एक म्हणजे ती जागा, दुसरी म्हणजे तेथे बसलेले श्रोते. सभागृहाच्या भिंतींवरून परतणारा आवाज, ओळखीची सुरावट कानी पडताच उठलेला गलका, गायकाचे दोन गाण्यांमधले बोलणे हे सारे त्यात असते. लाइव्ह अल्बम आवडतो तेव्हा श्रोत्याला गाण्यासोबत ती संध्याकाळही आवडलेली असते.

साताऱ्याशी याचा संबंध काय?

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील पारशी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले आणि तेथील वसतिगृहात तो वाढला. पियानोचे धडे त्याने येथेच गिरवले. शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात फारोख पियानोवर असायचा. समोर श्रोते म्हणजे शाळेतलीच मुले.

पुढे बुलसारा कुटुंब १९६४ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये क्वीनची स्थापना झाली. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात क्वीनच्या वाट्याला जेमतेम २० मिनिटे आली होती. त्या २० मिनिटांत सत्तर हजारांवर माणसे फ्रेडीच्या एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवत होती. वर्षभराने, १२ जुलै १९८६ रोजी, त्याच मैदानावर झालेला कार्यक्रम ‘लाइव्ह ॲट वेम्बली ’८६’ या अल्बमच्या रूपाने उपलब्ध आहे. क्वीनचे स्टुडिओतील अल्बम घरात असूनही हा दुहेरी अल्बम वेगळा जपणारे चाहते जगभर आहेत.

श्रोता गाण्याचा भाग कसा होतो?

याचे उत्तर क्वीनच्याच एका गाण्याच्या जन्मकथेत मिळते. १९७७ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे कार्यक्रम संपला, बँड आत गेला, तरी श्रोते जागचे हलले नाहीत. त्यांनी सगळ्यांनी मिळून फुटबॉलच्या मैदानावर म्हटले जाणारे एक गाणे सुरू केले. गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला : दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीला करता येईल असे काय आहे? पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. त्यातून ‘वी विल रॉक यू’ आले. दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी, हाच त्याचा ताल. म्हणजे हे गाणे लिहितानाच त्यात श्रोत्यांची जागा रिकामी ठेवली होती. स्टुडिओत ती जागा मोजक्या लोकांच्या टाळ्या पुन:पुन्हा मुद्रित करून भरावी लागली. मैफलीत ती आपोआप भरली.

‘लव्ह ऑफ माय लाइफ’ या गाण्याचेही असेच झाले. १९७५च्या अल्बममध्ये ते पियानो आणि हार्पच्या साथीने येते. कार्यक्रमांत मात्र ते फक्त फ्रेडीचा आवाज आणि ब्रायन मेची गिटार एवढ्यावर येऊ लागले आणि श्रोतेच ते गाऊ लागले. १९७९च्या ‘लाइव्ह किलर्स’ या अल्बममध्ये हे ऐकू येते. गायक थांबतो आणि गर्दी पुढची ओळ उचलते.

मराठी कानाला यात नवे काही नाही. वारकरी कीर्तनात टाळकरी धृपद धरतात तेव्हा कीर्तनकाराला क्षणभर उसंत मिळते आणि पुढच्या निरूपणाला चढ येतो. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाचा ठेका बघ्यांच्या पायात उतरतो. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली रेघ पुसली जाते, तो क्षण ध्वनिमुद्रणात पकडला गेला की घरी एकटा बसलेला माणूसही त्या गर्दीतला एक होतो. लाइव्ह अल्बम आपलासा वाटण्याचे हे पहिले कारण.

तीन मिनिटांच्या तबकडीत काय मावत नव्हते?

दुसरे कारण वेळेचे. ते समजून घ्यायला सांगली जिल्ह्यासारखे ठिकाण नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरज ही कर्मभूमी केली. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या काळात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत कलाकार सेवा म्हणून हजेरी लावतात. खाँसाहेबांचे जे गाणे आज आपल्यापर्यंत पोहोचते, ते मुख्यतः ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचे आहे. अशा तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावायचे. तासभर चालणारा राग तेवढ्यात आटोपायचा. आलापीची सावकाश चाल, श्रोत्यांची दाद घेऊन पुन्हा त्याच जागेवर वेगळ्या वाटेने येणे, यांना तेथे वाव नव्हता.

नाट्यसंगीताचेही तेच. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. त्यांच्या पदांना ‘वन्स मोअर’ मिळायचे आणि तेच पद ते दर वेळी निराळ्या अंगाने गायचे, असे त्या काळच्या रसिकांनी लिहून ठेवले आहे. तबकडीवर मात्र एकच आवृत्ती उरली. ‘वन्स मोअर’ ही श्रोत्याने गाण्यात केलेली ढवळाढवळच असते, पण ती गाणे वाढवणारी.

रॉक संगीतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे तीन दिवसांत झालेल्या कार्यक्रमांतून तो तयार झाला. जपानी बाजारपेठेसाठी लाइव्ह अल्बम हवा, हा आग्रह कंपनीचा होता. बँडला स्वतःला त्यात फारसा रस नव्हता. त्यातील ‘स्पेस ट्रकिन’’ हे गाणे स्टुडिओत साडेचार मिनिटांचे आहे. येथे ते सुमारे २० मिनिटे चालते आणि तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापते. मधल्या काळात गिटार आणि ऑर्गन मूळ चाल सोडून दूरवर भटकतात. ख्यालाचा श्रोता ज्याला ‘बढत’ म्हणतो त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. नियम वेगळे, पण त्या क्षणी सुचेल ते वाजवण्याची मुभा तीच.

चुका आणि खरखरही का आवडतात?

द हू या बँडचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात मुद्रित झाला. फितीवर अधूनमधून खरखर आली होती. ती काढून टाकण्याऐवजी तबकडीच्या लेबलवरच सूचना छापली गेली : खरखर आहे ती तशीच असू द्यावी, दुरुस्त करू नये. वेष्टनही तपकिरी कागदाचे, चोरून विकल्या जाणाऱ्या तबकडीसारखे साधे. तरीही रॉकमधील सर्वोत्तम लाइव्ह अल्बमची चर्चा निघाली की हे नाव घेतले जाते.

कारण गाणे त्या घडीला घडते आहे याची खूण त्या खरखरीत असते. उंच सूर लागेल की नाही, याची धाकधूक श्रोत्यालाही असते. फ्रेडी मर्क्युरी कार्यक्रमात अनेकदा स्टुडिओतला उंच सूर टाळून चाल खाली वळवायचा. ज्याला मूळ गाणे पाठ आहे, त्याला ही वळणे लगेच कळतात. ‘आज त्याने काय केले’ हे ऐकण्यासाठीच तो कान लावून बसतो.

खरखरीत आवाजाला संगीतात मानाचे स्थान देणे आपल्याला परके नाही. मिरजेतील सतारमेकर कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसून ‘जवारी’ काढतात. तार त्या पृष्ठभागाला हलकेच घासत थरथरते आणि मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. इलेक्ट्रिक गिटारच्या ‘डिस्टॉर्शन’चे तंत्र निराळे, पण परिणाम त्याच जातीचा : अतिशय स्वच्छ आवाजात उपस्वर मिसळून तो भरीव करणे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या कारागिराला जवारी बसली की नाही हे आजही कानानेच ठरवावे लागते.

मेंदूत काय घडते?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आवडते संगीत ऐकताना अंगावर शहारे येतात, तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवते, असे दिसले. ते फक्त परमोच्च क्षणी स्रवत नाही. तो क्षण येणार, या अपेक्षेतही स्रवते. ख्यालाच्या श्रोत्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गायक लांब फेरी मारून समेवर येऊ लागतो तेव्हा मान आधीच डोलू लागते. ओळखीच्या गाण्याची लाइव्ह आवृत्ती नेमके हेच करते. अपेक्षा जुनी असते, पण ती पूर्ण होण्याची वाट नवी.

स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाच्या २०२४च्या अभ्यासात, समोर बसून वाजवलेल्या संगीताने मेंदूतील भावनांशी निगडित भाग मुद्रित संगीतापेक्षा जास्त आणि सातत्याने सक्रिय होतो, असे आढळले. हा अभ्यास प्रत्यक्ष वादनाचा आहे, लाइव्ह अल्बमचा नव्हे. ध्वनिमुद्रण हे कितीही झाले तरी ध्वनिमुद्रणच. पण वादक श्रोत्याकडे पाहून वाजवणे बदलतो, हा जो दुहेरी व्यवहार आहे, त्याचा परिणाम लाइव्ह अल्बममधल्या गाण्यावर आधीच झालेला असतो.

लाइव्ह अल्बम खरेच कितपत लाइव्ह?

येथे सावध राहायला हवे. थिन लिझीचा १९७८चा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ हा गाजलेला अल्बम. त्याचा बराच मोठा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला-गायला गेला, असे निर्माता टोनी विस्कॉन्टी याने सांगितले. बँडमधील सदस्यांनी ते मान्य केले नाही. हा वाद आजही संपलेला नाही. चुकलेला सूर दुरुस्त करणे, दोन रात्रींतील चांगली गाणी एकत्र करणे या गोष्टी या व्यवसायात सर्रास होतात. ‘मेड इन जपान’ही एका रात्रीचा नाही.

तरीही श्रोत्याला फसवणूक वाटते ती दुरुस्तीपेक्षा काटछाटीची. क्वीनचाच ‘लाइव्ह मॅजिक’ डिसेंबर १९८६ मध्ये आला. त्यात अनेक गाणी कापून लहान केली होती. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेराचा भागच वगळला होता. चाहत्यांनी या अल्बमला कधी फारसे जवळ केले नाही. त्याच दौऱ्यातील वेम्बलीचा कार्यक्रम १९९२ मध्ये सविस्तर रूपात आला, तेव्हा त्यापुढे ‘लाइव्ह मॅजिक’ मागे पडला.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. स्टुडिओतील ध्वनिमुद्रण कमअस्सल असते असे नाही. लहानपणी गदगमध्ये अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. तीन मिनिटांत एक आयुष्य बदलले. तबकडीने त्यांना गाण्याच्या वाटेला लावले. ते गाणे शिकण्यासाठी मात्र त्यांना खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यासमोर बसावे लागले.

शेकडो अल्बमपैकी एखादाच ‘आपला’ का होतो?

काही भाग योगायोगाचा. पौगंडावस्थेत आणि विशीत ऐकलेले संगीत दीर्घकाळ सोबत करते, हे स्मरणशक्तीवरील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. पुन:पुन्हा भेटलेली गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले. कॅसेटच्या जमान्यात हाती मोजक्या कॅसेट असत. एकच लाइव्ह कॅसेट शंभर वेळा वाजली की तिच्यातील आरोळीची वेळही पाठ होई. आणि मग तेच गाणे इतरत्र आरोळीविना ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे.

काही भाग मात्र काळ घडवतो. वेम्बलीच्या कार्यक्रमात फ्रेडी मर्क्युरीने बँड फुटणार असल्याच्या अफवा खोडून काढल्या आणि आम्ही मरेपर्यंत एकत्र राहणार, अशा आशयाचे बोलला. तेथील श्रोत्यांनी जल्लोष केला. चारच आठवड्यांनी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी, नेबवर्थ येथे क्वीनचा त्याच्यासोबतचा शेवटचा कार्यक्रम झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. अल्बम बाजारात आला मे १९९२ मध्ये. म्हणजे तो घरी ऐकणाऱ्या पहिल्या माणसालाही पुढे काय झाले ते ठाऊक होते. मैदानातील गर्दीला नव्हते. तोच जल्लोष ऐकताना घशात आवंढा येतो तो यामुळे. आणि ते जुने वेम्बली स्टेडियमही २००२-०३ मध्ये पाडण्यात आले. त्या मैदानात घुमणारा आवाज आता फक्त अशा ध्वनिमुद्रणांत आहे.

मग जे मुद्रित झाले, ते टिकवायचे कसे?

वेम्बलीची संध्याकाळ उरली, कारण फीत चालू होती. सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव, मिरजेची उरुसातील सभा, गावोगावच्या घरगुती बैठका अशा कित्येक रात्री नुसत्या आठवणींवर उरल्या. स्पूल टेप आणि नंतर कॅसेट रेकॉर्डर आल्यावर हौशी रसिकांनी काही मुद्रित केले. त्या फिती कपाटांत, माळ्यावर पडून आहेत. दमटपणा, उष्णता आणि बुरशी यांनी त्या खराब होतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीला हा धोका वेगळा सांगायला नको.

ज्यांच्या घरी अशा फिती आहेत, त्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. कॅसेट कोरड्या, थंड जागी, उभ्या ठेवाव्यात; स्पीकर आणि चुंबकापासून दूर. फितीवर पांढरे डाग दिसत असतील तर ती घरच्या टेपवर लावू नये. डोके खराब होते आणि बुरशी दुसऱ्या फितींनाही लागते. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. संगणकावर उतरवताना आधी ‘वेव्ह’ स्वरूपात पूर्ण प्रत ठेवावी, एमपी३ नंतर करावी. टाळ्या, बोलणे, तंबोरे जुळवण्याचा आवाज ‘अनावश्यक’ म्हणून कापू नये.

फोनवर लाइव्ह अल्बम ऐकतानाही हेच लागू आहे. ‘शफल’ बंद ठेवून, पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावा. दोन गाण्यांमधले बोलणे वगळू नये. आणि घरच्या जुन्या कॅसेटवर तारीख, गाव, गायक, तबला-पेटीची साथ यांची नोंद नसेल, तर ती सांगू शकणारी माणसे घरात असतानाच विचारून लिहून ठेवावी.